महिना आधी, दिवस मागून

६ जुलै १९९८, सोमवार

कीबोर्ड मिळाला. लोणंदहून. तिथल्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने विंडोजवालं नवीन मशीन घेतलं, जुनं माळ्यावर पोत्यांत टाकलं होतं. दुरुस्तीवाल्या इकबालभाईंनी ते हुडकून काढलं. उलटा करून झटकला तर फटींतून कांद्याची वाळलेली सालं पडली. मास्तरांनी नाकाजवळ धरून पाहिला. "आता लिहिताना डोळ्यांत पाणी आलं तर माझ्यावर आळ घेऊ नकोस, मॅडम."

इकबालभाई म्हणाले, "काकू, ह्या जातीचा कीबोर्ड आता जिल्ह्यात दुसरा न्हाई. हा शेवटचा. डॉसचं नाव काढलं की बाजारात हसत्यात मला."

हसू देत. मिल बंद पडली तेव्हा माधवनगरहून कुणी भिंतीवरचं घड्याळ आणलं, कुणी खुर्ची. मास्तरांनी ऑफिसातलं हे मशीन साताऱ्याला आणलं. वीव्हिंग मास्तर होते, सारी मिल मास्तर म्हणायची, माझ्याही तोंडी तेच बसलं.

अजून तोच क्रम. आंघोळ, चहा, मशीन. डॉसचा काळा पडदा, पांढरी अक्षरं. मशीनच्या घड्याळाचा सेल कधीच संपलाय, त्यामुळे त्याला रोज सकाळी वाटतं की आज १ जानेवारी १९८०, मंगळवार. मग ते आजची तारीख विचारतं. मास्तर सांगतात. अमेरिकन पद्धत: महिना आधी, दिवस मागून. मग मागांचं काम. मिलमध्ये दोनशेचार माग होते. एका माणसाकडे दोन. एकेक जोडी, कधी एकीला चार दिवस लागतात: मागांचे नंबर, विणकराचं नाव, गाव, दोनचार ओळी. इंग्रजी अक्षरांत मराठी. "मिलमध्ये माणसाला नंबरनं हाक मारायचे. मी नावं परत देतोय."

आज जोडी ५६-५७.

९ जुलै, गुरुवार

मीनलचा फोन, पुण्याहून. "आई, बाबांना डॉसवर ठेवणं म्हणजे त्यांना बैलगाडीतून फिरवणं आहे." तिच्या कंपनीत सगळे दोन हजार सालाच्या भीतीने जुने प्रोग्रॅम दुरुस्त करत बसलेत. म्हटलं, बैलगाडीत बसणाऱ्याला घाई नाही बाई.

एक गोष्ट सांगितली नाही. मास्तरांना काल पोवई नाक्यावरून घरी यायला दोन तास लागले. नाका घरापासून दहा मिनिटांवर. "गप्पा मारत होतो," म्हणाले. कुणाशी, ते सांगता आलं नाही.

२१ जुलै, मंगळवार

इकबालभाई मशीन साफ करायला आले होते. मी भाजीला गेले होते. परत आले तर म्हणाले, "काकू, खुशखबर. बारका सेल बसवला आन् दोन वळी आत लिव्हल्या. आता तारीख इचारायची कटकट संपली. मशिनला आपापली म्हाईत."

फार आनंदाने सांगत होते. मीही थँक्यू म्हटलं.

२२ जुलै, बुधवार

सकाळी मशीन लावलं. विचारलंच नाही त्याने. सरळ चौकटीत येऊन उभं राहिलं.

मास्तर बराच वेळ बसून होते. बोटं कीबोर्डवर, हलत नव्हती. मी चहा ठेवला तेव्हा म्हणाले, "आज काही विचारलं नाही गं ह्यानं."

"सेल घातलाय नवीन."

"हां." कप उचलून परत ठेवला. "मग आज वार कुठला?"

आज एकही माग झाला नाही.

२४ जुलै, शुक्रवार

इकबालभाईंच्या दुकानात गेले. म्हटलं, तो सेल काढून टाका. आणि त्या दोन ओळीही.

"का? सुरू न्हाई होत का?"

"होतंय. पण मला बिघडलेलंच हवंय."

त्यांनी सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, तीस वर्सं झाली धंद्यात. रेडिओपासनं. दुरुस्त झाल्याली वस्तू परत बिघडवून द्या म्हनणारं गिऱ्हाईक तुमी पयलंच."

कारण सांगायचं नव्हतं. तरी सांगितलं. अर्धंमुर्धं. त्यांनी कांडी परत उचलली. संध्याकाळी येऊन सेल काढून नेला, त्या ओळीही पुसल्या. जाताना मास्तरांना म्हणाले, "मास्तर, मशिनला परत इसरायला झालं बगा. तुमालाच सांगावं लागंल."

मास्तर खूश. "मला ठाऊकच होतं. ह्याचं माझ्याशिवाय चालत नाही."

३ ऑगस्ट, सोमवार

आज मी मशीनवर बसले. मास्तर न्हाव्याकडे गेलेले. मागांच्या फायली किती झाल्या ते मोजावं म्हणून यादी काढली. यादीची आज्ञा डी-आय-आर. मी तिला पहिल्यापासून 'दीर' म्हणते आणि मास्तर दर वेळी हसतात. "घरात कोण कोण आहे ते दिरालाच विचारावं."

दिराने आज भलतंच सांगितलं. प्रत्येक फाईलपुढे ती केव्हा लिहिली ती तारीख असते. एका फाईलपुढे ६ डिसेंबर. ह्या वर्षीचा. अजून आलेला नाही तो डिसेंबर.

मग कळलं. ती १२ जूनला लिहिलेली. त्यांनी दिवस आधी आणि महिना मागून टाकला. मशीनला काय, बारापर्यंतचा कुठलाही आकडा महिना म्हणून चालतो. मुकाट्याने घेतलं.

वर वर शोधत गेले. ४ सप्टेंबर. ७ नोव्हेंबर. ३ मे. सगळ्यांत आधीची ही ३ मे, मार्चच्या फायलींच्या मधोमध. म्हणजे ५ मार्च.

मार्चपासून. आणि मी शेजारच्या खोलीत चहा गाळत होते. तेरा तारखेपासून मशीन अडवायचं, तेव्हा आतून त्यांचा आवाज यायचा, "अरेच्चा." मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला.

आता रोज लिहून ठेवणार. ता. बरोबर की ता. चूक.

७ ऑगस्ट, शुक्रवार

ता. बरोबर. जोडी ७८-७९.

९ ऑगस्ट, रविवार

ता. चूक. त्यांना कळलं नाही. मशीनलाही. तिघांत मला एकटीला.

१३ ऑगस्ट, गुरुवार

तीनदा चुकले. तीनदा मशीनने म्हटलं, इनव्हॅलिड डेट. चौथ्यांदा जमलं.

हा शब्द दिवसभर डोक्यात. माझ्या पाचगणीच्या शाळेत आजारी मुलींची खोली होती, दोन पलंग आणि खिडकीबाहेर सिल्व्हर ओक. सिस्टर अ‍ॅग्नेस तिथल्या मुलींना इनव्हॅलिड्स म्हणायच्या. बार्लीचं पाणी फक्त इनव्हॅलिड्सना. एकच स्पेलिंग, उच्चार वेगळा: आघात पहिल्या अक्षरावर दिला की आजारी, दुसऱ्यावर दिला की अमान्य. सिस्टरांनी फळ्यावर लिहून दाखवलं होतं. किती सुरेख अक्षर होतं त्यांचं. वहीच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, निळ्या शाईत, आधी दिवस, मग महिना. तारीख नीट नसेल तर वही परत.

त्या शाळेत मी मास्तरांना कशी नेऊ आता.

२ सप्टेंबर, बुधवार

सांगलीला जाऊन आलो. एस.टी.ने. डॉक्टर तरुण आहेत, बोलायला मऊ. त्यांनी मास्तरांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले. केले, माझ्यापेक्षा भराभर. मग विचारलं, "काका, आजची तारीख काय?"

मास्तर म्हणाले, "मशीन लावल्याशिवाय कशी सांगू?"

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. मला बाजूला घेऊन म्हणाले की हे वाढत जाईल, औषध असं काही नाही. सवयीची कामं शक्य तितकी चालू ठेवा. डोक्यातलं आधी जातं, हातातलं उशिरा.

हातातलं उशिरा. हे वाक्य घट्ट धरून बाहेर आले.

मास्तरांनी हट्ट धरला, माधवनगरला जायचं. रिक्षाने गेलो. मिलच्या फाटकापुढे गवत कमरेएवढं. वॉचमनच्या खुर्चीतला म्हातारा उठला. "आवं मास्तर! वळखलं का न्हाई?"

मास्तर बघत राहिले. मला त्यांचा चेहरा बघवेना.

"माग कुठला?" त्यांनी विचारलं.

"सत्तर-एकाहत्तर, जी."

"मग बाबू म्हण की लेका! बाबू माने, कवठे महांकाळ. ही दाढी कशाला वाढवलीस, बोकडासारखी? मागाच्या धोट्यात अडकंल की."

बाबू ढसाढसा रडायलाच लागला. "आता कुटला आलाय धोटा, मास्तर. समदं भंगारात ग्येलं. ह्ये कुलूप ऱ्हायलंय तेवडं सांबाळतोय."

मी त्याला सांगितलं की तुम्ही आमच्या मशीनमध्ये आहात. ती फाईल मला पाठ आहे: "बाबू माने. सुताची तार तुटली की शिट्टी मारतो. पाळी सुटून मागांचा आवाज बंद झाला तरी त्याची शिट्टी ऐकू येते."

"आमी? कंप्युटरात हाय व्हय?" तो म्हणाला. आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. गवतातून पक्षी उडाले. मास्तर खदखदून हसले, कितीतरी दिवसांनी.

परतीच्या एस.टी.त कराडच्या पुढे त्यांनी विचारलं, "आपण कुठं गेलो होतो?"

१७ सप्टेंबर, गुरुवार

सहा वेळा. सहाव्यांदा कीबोर्डवर मूठ आपटली. कधी हात न उगारणारा माणूस.

मी मागून हळूच म्हटलं, "महिना आधी."

"मला माहीत आहे!" मग लहान आवाजात, "माहीत होतं."

एक माग तरी करा म्हटलं. केला. नंबर ११२. तो मागच्या आठवड्यात झालेला होता. शब्द न् शब्द तोच, ह्याचं आश्चर्य वाटलं.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

मीनल दिवाळीला आली ती नवीन मशीन घेऊनच. रंगीत पडदा, निळं आकाश, उंदीर. विंडोज अठ्ठ्याण्णव. दोन तास बसून तिने मास्तरांच्या फायली नव्या मशीनवर चढवल्या. जुनं मशीन जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा, आता फायलींची नावं पूर्ण लिहा. आठ अक्षरांत कोंबायची गरज नाही. आणि तारीख बघा, इथे कोपऱ्यात. घड्याळासकट."

"हुशार आहे," मास्तर म्हणाले. नवीन सुनेबद्दल म्हणावं तसं.

२४ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस सकाळी नव्या मशीनसमोर बसतात. उंदरावर हात. बाण कुठेतरी कोपऱ्यात जातो, त्याला शोधतात. मीनलने दहादा दाखवलं, अगदी न चिडता. लहानपणी त्यांनी तिला पाढे शिकवले तसं.

आज ती आत असताना त्यांनी मला विचारलं, "हा कोण आहे?"

"नवीन कॉम्प्युटर."

"ह्याला सगळं ठाऊक आहे. हा काहीच विचारत नाही." मग उठून व्हरांड्यात जाऊन बसले.

मीनल दारात उभी होती. तिने ऐकलं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "कधीपासून, आई?"

"मार्च."

"आणि तू मला फोनवर भाज्यांचे भाव सांगत होतीस."

ती खूप रडली. मग कंपनीत बोलते तशी बोलायला लागली. जानेवारीत दोघांनी पुण्याला यायचं. लिफ्ट आहे, चांगला डॉक्टर जवळ आहे. "पण ते जुनं धूड येणार नाही. ते तुला वाटतंय त्यांना धरून ठेवतं म्हणून. ते तुलाच धरून ठेवतंय."

असेलही.

जाण्याआधी तिनेच जुनं मशीन परत टेबलावर चढवून दिलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा तेरा. महिन्याचे पहिले बारा दिवस मी श्वास घेते. मशीन काहीही ऐकून घेतं, ते काहीही सांगतात, दोघांचं छान चालतं. तेरापासून शिक्षा सुरू.

आज नऊ वेळा. नंतर उठून गेले. एक ओळ लिहिली नाही.

चूक त्यांची आहे का? सगळं जग दिवस आधी लिहितं. दूधवाला, पोस्ट, लग्नाच्या पत्रिका, सिस्टर अ‍ॅग्नेस. बिचारे सरळ लिहितात आणि मशीन म्हणतं चूक. मशीनलाच का नाही बदलता येत?

१६ नोव्हेंबर, सोमवार

इकबालभाईंना विचारलं. म्हणाले, "सोपं हाय काकू. आत देशाचा नंबर आसतोय. आपला न्हाई त्यात, पन इंग्लंडचा हाय. त्यो घातला की दिवस आदी, म्हयना मागनं. मशिन विलायती करून टाकू तुमच्या कॉन्व्हेंटसारकं."

हसले मी. परवा येतील.

१८ नोव्हेंबर, बुधवार

इकबालभाई दु. येऊन गेले. दहा मिनिटांचं काम. मी स्वतः तपासलं: १८, मग ११, मग ९८. घेतलं. पहिल्यांदा त्या मशीनने मला माणसासारखं वागवलं.

मास्तर झोपले होते. त्यांना सांगितलं नाही. मुद्दामच. उद्या सकाळी ते सरळ तारीख टाकतील आणि बरोबर येईल, आणि त्यांना वाटेल की ते बरे आहेत.

संध्याकाळी शिरा केला. इतकं हलकं मार्चपासून वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

कसं लिहू.

सकाळी ते छान उठले. स्वतःहून दाढी केली. "आज थंडी आहे, मॅडम," म्हणाले. कधीकधी असे दिवस येतात, पावसाळ्यात ऊन पडल्यासारखे. मशीन लावलं. मी ह्या वेळी मागे उभी होते, बघायला.

मशीनने विचारलं. ते पडद्याकडे बघतही नव्हते, खिडकीबाहेर यवतेश्वरच्या डोंगराकडे बघत होते. बोटं आपोआप चालली. एक एक, एक नऊ, नऊ आठ. महिना आधी. दिवस मागून. दहा वर्षांच्या सवयीने, अचूक.

इनव्हॅलिड डेट.

त्यांनी पाहिलं. पुन्हा टाकली. तीच, बरोबर. पुन्हा नाही म्हटलं त्याने.

मग त्यांनी हात कीबोर्डवरून उचलून समोर धरले आणि उलटेसुलटे करून बघितले. कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

"बोटं पण गेली," म्हणाले.

मी म्हटलं, नाही हो, बोटं बरोबर आहेत, मी बदललं, मी बदलून घेतलं काल, इकबालभाईंकडून, इंग्लंडचा नंबर… काय काय बोलत होते. त्यांना त्यातलं काही पोचलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे. तू नको रडू. जुनं झालंय ते." स्वतःबद्दल की मशीनबद्दल, कळलं नाही.

डोक्यातलं आधी, हातातलं उशिरा. हातात होतं. आज सकाळपर्यंत होतं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

इकबालभाई येऊन पूर्ववत करून गेले. ते घाबरलेच होते. "माजं चुकलं काकू, मी मास्तरांना इचारायला पायजे व्हतं." त्यांचं काय चुकलं. मी सांगितलं, त्यांनी केलं.

मास्तर त्या खोलीत गेले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शनिवार

गेले नाहीत.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

चहा मी रोज मशीनपाशी ठेवते. ते येऊन कप उचलतात आणि व्हरांड्यात नेतात. दहा वाजता मीच बंद करते. तोवर ते मंगळवार, १ जानेवारीला उभं.

८ डिसेंबर, मंगळवार

काल मला "मीनल" म्हणून हाक मारली. दुरुस्त केलं नाही. मीनलच्या फ्रॉकला गुंडी लावायची राहिलीय, म्हणाले. लावते म्हटलं.

बाकी लिहिण्यासारखं नाही.

११ जानेवारी १९९९, सोमवार

मीनलचा फोन. महिनाअखेरीस टेम्पो पाठवते म्हणाली. मी फेब्रुवारी म्हटलं. का ते तिनेही विचारलं नाही.

आज मीच बसले मशीनवर. मशीनने तारीख विचारली, सांगितली. मास्तरांचं राहिलेलं मी पुरं करीन असं मनात होतं. एकेक फाईल उघडून वाचत गेले. किती माणसं. कोण मागाशेजारी तुळस ठेवायचा, कोणाला सुताची अ‍ॅलर्जी होती तरी बावीस वर्षं काढली, कोण पाळी सुटताना मागाला नमस्कार करायचा. शेवटी शेवटी ओळी तुटत गेलेल्या. १४०च्या फाईलमध्ये नुसतं गाव. १४२मध्ये नुसतं आडनाव.

१४४-१४५. एकच ओळ. "इथं कोण होतं ते कुमुदला विचारणे."

मला कुठे ठाऊक. माधवनगरला एकोणतीस वर्षं राहिले, मिलच्या फाटकाच्या आत चारदा गेले असेन. ते रात्री जेवताना सांगायचे आणि मी ऐकत असल्यासारखी भाजी वाढायचे. त्यांना वाटत होतं की सांगितलं ते माझ्याकडे जमा आहे.

१४ जानेवारी, गुरुवार

बाबू मानेला पोस्टकार्ड टाकलं. १४४-१४५ वर कोण होतं. तिळगूळ घेऊन इकबालभाईंकडे गेले. "मशिन कसं हाय?" म्हणाले. मास्तरांचं विचारायचं धैर्य त्यांना होत नाही.

२८ जानेवारी, गुरुवार

बाबूचं उत्तर, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "वहिनी, १४४ वर पहिल्यांदा रामू होता. मग तो वारला. मग कोण आलं ते मला पण याद नाही. मास्तरांना विचारावे. त्यांना सगळे माहीत आहे."

३ फेब्रुवारी, बुधवार

मीनल येऊन पुस्तकं खोक्यांत भरून गेली. पुढच्या खेपेला भांडी. जुन्या मशीनबद्दल दोघीही बोललो नाही. हार्ड डिस्कमधून आता सुरू होताना खरखर येते, खडू फळ्यावर घासावा तशी. इकबालभाई म्हणतात, एक दिवस उठायचं न्हाई. कुठला दिवस ते त्यांनाही सांगता येत नाही.

मी आणखी एक आठवडा मागितला आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नेहमीप्रमाणे मशीन लावून मी चहा आणायला गेले. परत आले तर मास्तर खुर्चीत. साडेअकरा आठवड्यांनी. मी दारातच थांबले. कप हातात, हलवायची भीती.

मशीनने विचारलं. ते बराच वेळ विचार करत होते. मग सावकाश, एका बोटाने: दोन. अठरा. बासष्ट.

महिना आधी. दिवस मागून. चूक नव्हती कुठे.

इनव्हॅलिड डेट.

पण ते चिडले नाहीत. पुन्हा टाकली, तीच. पुन्हा नाही म्हटलं त्याने. ऐंशीच्या आधीची तारीख ते घेतच नाही. ऐंशीच्या आधी त्याच्या लेखी जगच नव्हतं, ना गाव, ना माणूस. एवढं जुनं मशीन, सगळा बाजार हसतो ज्याला, ते सुद्धा मास्तरांना पुरेसं जुनं नाही आता.

१८ फेब्रुवारी १९६२, रविवार. साताऱ्याला माझ्या वडिलांच्या घरी ते मला बघायला आले होते, त्यांच्या मामांबरोबर.

त्यांनी खुर्ची वळवली आणि मला पाहिलं. कप घेऊन उभी असलेली. चटकन उठून उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावली.

"बसा ना," म्हणाले. "तुम्ही का उभ्या?"

छत्तीस वर्षं अगं-तुगं. आज तुम्ही.

मी कप टेबलावर ठेवला आणि समोर बसले. साखर किती विचारलं. ते माझ्या हातांकडे बघत होते, मग बघत नसल्यासारखं केलं. किती लाजाळू होते, विसरलेच होते मी.

"तुम्ही पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधल्या ना?" त्यांनी विचारलं. "मी मिलमध्ये आहे. माधवनगरला. दिवसभर मागांचा आवाज असतो, घरापर्यंत येतो. तुम्हाला जमेल का तिथं?"

त्या दिवशीही हेच विचारलं होतं. माझ्याऐवजी वडिलांनी उत्तर दिलं होतं, हो हो, न जमायला काय झालं. मला बोलायला मिळालंच नव्हतं.

आत फोन वाजत होता. मीनलच असणार, टेम्पोचं ठरवायला. वाजू दिला.

ते वाट बघत होते. चहा निवत चालला होता.

"उद्या सांगितलं तर चालेल?" म्हटलं.

"चालेल की," मास्तर म्हणाले. "सावकाश सांगा. मी येईन परत."